नेम लहान धरा, मोडला तर पुन्हा धरा
(रोजच्या जपाची सुरुवात : नवीन साधकांसाठी पाठ)

॥ श्रीगुरवे नमः ॥



गुरुपौर्णिमा झाली की आपल्या कुटुंब-गटांत नवीन मंडळी येतात. कुणाच्या घरी आजी जप करायची, तिची माळ कपाटात तशीच आहे. कुणी दवाखान्याच्या फेऱ्यांनी थकलंय. कुणाला काही कारण नाही, नुसतं मनात आलं. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो : "आम्हाला रोज जप करायचाय, सुरुवात कशी करायची?" त्याचं उत्तर एकदा नीट, सविस्तर द्यावं म्हणून हा पाठ. सावकाश वाचा. घरात ज्यांना वाचायला त्रास होतो त्यांना संध्याकाळी वाचून दाखवा.

*आधी एक निरीक्षण*

नव्या साधकाचा जप बहुतेक वेळा एकाच पद्धतीने सुटतो. पौर्णिमेच्या दिवशी उत्साह असतो, म्हणून ११ माळांचा संकल्प सोडला जातो. पहिले आठ दिवस छान जातात. मग घरात पाहुणे येतात, नाहीतर रात्री लाईट आली म्हणून उसाला पाणी पाजायला जावं लागतं, नाहीतर पोराला ताप येतो. एक दिवस चुकतो. दुसऱ्या दिवशी २२ माळा करून भरपाई करायची असं मन ठरवतं. २२ होत नाहीत. तिसऱ्या दिवशी हिशोब ३३ वर जातो, आणि मग देवघरासमोर बसायलाच नको वाटतं. गणपती येईपर्यंत माळ पुन्हा कपाटात.

इथे आळस नावालाच असतो. खरा घात करते ती लाज. "आपल्याच्यानं होत नाही, आपण त्या योग्यतेचे नाही" असं वाटतं आणि माणूस देवापासूनच तोंड लपवायला लागतो. जो आधार म्हणून धरला, तोच ओझं झाला. हे होऊ नये, एवढ्यासाठी या पाठात पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच गोष्ट सांगायची आहे : नेम इतका लहान धरा की घरातल्या सगळ्यांत वाईट दिवशीही तो होईल. आणि तरी मोडला, तर हिशोब न मांडता दुसऱ्या दिवशी पुन्हा धरा.

*आपल्याच भागातली एक परंपरा*

निपाणीहून कोल्हापूरला जाताना गोकुळ शिरगावच्या जवळ कणेरीचा सिद्धगिरी मठ आहे. आपल्यापैकी बरेच जण सुट्टीत मुलांना घेऊन तिथे जाऊन आलेले असतील. या सिद्धगिरीची एक गोष्ट इंचगेरी परंपरेत सांगितली जाते. निंबर्गीचे गुरुलिंगजंगम महाराज (१७८९–१८७५), ज्यांना सगळे निंबर्गी महाराज म्हणतात, ते संसारी गृहस्थ. त्यांना सिद्धगिरीवर एका सत्पुरुषाने नाम दिलं आणि रोज साधन करायला सांगितलं. पण घरी गेल्यावर ते साधन काही नीट झालं नाही. काही वर्षं अशीच गेली. पुढे पुन्हा सिद्धगिरीवर येणं झालं, तेव्हा त्या सत्पुरुषाने तेच नाम पुन्हा आठवून दिलं आणि नित्य करायला सांगितलं. तिथून जे साधन लागलं, ते पुढे अनेक वर्षं टिकलं.

आता पुढे काय झालं पाहा. निंबर्गी महाराजांचे शिष्य उमदीचे भाऊसाहेब महाराज (१८४३–१९१४). त्यांनी इंचगेरीला मठ उभा केला. त्यांचे शिष्य गुरुदेव रा. द. रानडे (१८८६–१९५७). जमखंडीत जन्म, १९०१ मध्ये शाळकरी वयात नाम मिळालं, पुढे पुणे आणि सांगलीच्या कॉलेजात आणि मग अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले. मोठमोठे ग्रंथ लिहिले. प्रकृती नाजूक, तरी नेम सुटला नाही. शेवट निंबाळच्या आश्रमात झाला. बेळगावच्या हिंदवाडीत त्यांच्या नावाचं मंदिर आहे. भाऊसाहेबांचे दुसरे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज (१८८८–१९३६), आणि त्यांचे शिष्य निसर्गदत्त महाराज (१८९७–१९८१). हे मुंबईत बिड्यांची दुकानं चालवायचे. निपाणीच्या माणसाला वेगळं काय सांगायचं! ज्या बिडीवर आपल्याकडची कितीतरी घरं चालली, त्याच बिडीच्या धंद्यात राहून त्यांनी साधन केलं. पुढे त्यांचं बोलणं ऐकायला परदेशातून माणसं यायची.

म्हणजे या साऱ्या परंपरेच्या मुळाशी एक मोडलेला आणि पुन्हा धरलेला नेम आहे. "मागची वर्षं वाया गेली" म्हणून निंबर्गी महाराज बसून राहिले असते तर? म्हणून ज्यांचा जप मागे कधी सुटला आहे त्यांनी स्वतःला नापास समजू नये.

आणखी एक. निंबर्गी महाराजांचा बोध कन्नडमध्ये आहे. गुरुदेव रानड्यांनी महाराष्ट्राच्या संतांवरही ग्रंथ लिहिला आणि कर्नाटकाच्या संतांवरही. आपल्या सीमाभागात भाषेवरून किती ताण होतो ते आपण सगळे जाणतो. तो प्रश्न आपल्या जागी. पण घरातली सून कन्नड बोलणाऱ्या घरातून आली असेल, शेजारी कन्नड असतील, तरी नाम दोघांच्या तोंडी सारखंच येतं. त्याला भाषांतर लागत नाही.

*१. कोणतं नाम घ्यायचं?*

ज्यांना गुरूंकडून नाम मिळालं आहे त्यांच्यासाठी प्रश्न संपला. तेच घ्यायचं. ते गटात लिहायचं नाही, कुणी विचारलं तरी सांगायचं नाही, आणि दुसऱ्याच्या नामाशी तुलनाही करायची नाही.

ज्यांना अजून मिळालेलं नाही त्यांनी थांबून राहू नये. घरात चालत आलेलं, लहानपणापासून कानावर पडलेलं नाम घ्यावं. बाळेकुंद्रीच्या पंत महाराजांना मानणाऱ्या घरात "ॐ नमः शिवाय" ऐकतच मुलं मोठी होतात. गोंदवल्याला जाणाऱ्या घरात "श्रीराम जय राम जय जय राम" असतं. वारकऱ्याच्या घरात रामकृष्णहरी. नृसिंहवाडीला पौर्णिमा करणाऱ्यांकडे दत्तनाम. जे ओठांवर आपोआप येतं ते आपलं.

दोन गोष्टी मात्र टाळा. व्हिडिओ पाहून बीजमंत्र किंवा कठीण अनुष्ठानं सुरू करू नका. ती विधिपूर्वक, जाणत्याकडून घ्यायची असतात. आणि दर महिन्याला नाम बदलू नका. विहीर खणताना एकाच जागी खणावं लागतं. चार हातांवर दहा खड्डे काढले तर पाणी कुठेच लागत नाही.

*२. किती करायचा?*

एक माळ. तीही जड वाटत असेल तर पाच मिनिटं, घड्याळ लावून.

थोडा हिशोब करू. "श्रीराम जय राम जय जय राम" हा १३ अक्षरी मंत्र शांतपणे म्हणायला साधारण ३ सेकंद लागतात. म्हणजे १०८ वेळा म्हणायला ५ ते ६ मिनिटं. ११ माळा म्हटल्या तर तास होऊन जातो. ज्या घरात सकाळी सहाला डबा लागतो तिथे रोजचा एक तास कुठून आणणार? पण सहा मिनिटं कुणाच्याही घरात निघतात.

रोज एक माळ, म्हणजे वर्षाला ३९,४२० नामं होतात. दहा वर्षांत चार लाखांच्या जवळ. हे काही थोडं नाही. उलट तेरा कोटी जपाचा आकडा ऐकून जे घाबरतात किंवा हुरळतात, त्यांनीही हा हिशोब पाहावा : रोज एका माळेने तेरा कोटी व्हायला जवळजवळ ३,३०० वर्षं लागतील! तेव्हा आकडा पुरा करणं हे आपलं काम नव्हे. रोज जाऊन बसणं हे आपलं काम.

पतंजलींच्या योगसूत्रात पहिल्या पादाचं चौदावं सूत्र अभ्यास कशाने पक्का होतो ते सांगतं. तिथे तीन गोष्टी आहेत : दीर्घ काळ, खंड न पडता, आणि आदराने. "पुष्कळ" हा शब्द तिथे नाही. हे नीट ध्यानात ठेवा.

वाढवायचा असेल तर केव्हा? तीन महिने एक माळ सहज होत असेल, न केल्यास चुकल्यासारखं वाटत असेल, तेव्हा दुसरी. आणि ज्या दिवशी दोन जमणार नाहीत त्या दिवशी एक केली तरी नेम झाला असं समजायचं. संकल्प एकाचाच, वरची ती आवड.

*३. केव्हा आणि कुठे?*

पहाटेची वेळ उत्तम, हे शास्त्रात आहे आणि अनुभवालाही येतं. पण उद्यमबागेतल्या फौंड्रीत रात्रपाळी करून सकाळी घरी आलेल्या माणसाला ब्रह्ममुहूर्त सांगणं म्हणजे त्याला जपातून बाहेर काढणं. म्हणून वेळ घड्याळावर न ठेवता कामाला बांधा. आंघोळ झाली की जप. तिन्हीसांजेचा दिवा लावला की जप. धार काढून दूध डेअरीला घालून आलं की हातपाय धुऊन जप. पाळी बदलली तरी आंघोळ आणि दिवा बदलत नाही, त्यामुळे नेमही टिकतो.

जागा शक्यतो एकच असावी. देवघर असेल तर उत्तम. एका खोलीचं घर असेल तर एक कोपरा, एक आसन किंवा घोंगडी. जमिनीवर बसवत नसेल तर खुर्चीवर बसा, काही बिघडत नाही. पाठ सरळ, खांदे सैल. मोबाईल दुसऱ्या खोलीत, नाहीतर निदान पालथा.

निपाणी-बेळगाव रोज एस.टी.ने ये-जा करणारे विचारतात, बसमध्ये चालेल का? चालेल. तवंदी घाटात खिडकीशी बसून मनात नाम घेणं फार गोड लागतं. दुचाकीवर मात्र डोळे आणि मन रस्त्यावरच ठेवा. देवालाही आपण घरी सुखरूप पोचलेलंच हवं आहे.

*४. माळ कशी ओढायची?*

माळेत १०८ मणी आणि वर एक मेरुमणी. माळ उजव्या हातात, मधल्या बोटावर ठेवायची आणि अंगठ्याने एकेक मणी आपल्याकडे ओढायचा. तर्जनी, म्हणजे अंगठ्याजवळचं बोट, लावायचं नाही. मेरुमण्याशी पोचलं की तो ओलांडायचा नाही. माळ उलटी फिरवून परत यायचं. राम-कृष्ण-विठ्ठलाच्या नामाला तुळशीची आणि शिवनामाला रुद्राक्षाची माळ वापरण्याची रीत आहे. माळ गोमुखीत किंवा स्वच्छ फडक्यात ठेवावी, जमिनीवर टाकू नये.

माळ नसेल तर खरेदीसाठी थांबू नका. हाताला माळ आहेच. अंगठा सोडून चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं, झाली बारा. अंगठ्याने बारा पेरं मोजत नऊ वेळा फिरलं की १०८ पूर्ण. नऊ फेऱ्या डाव्या हातावर मोजा. यात्रेत मिळणारी बोटात घालायची मोजणीची अंगठी वापरली तरी हरकत नाही, पण तिच्या आकड्याकडे सारखं बघायचं नाही.

ज्या मावशी, ताई घरी बिड्या वळतात त्यांचे दोन्ही हात गुंतलेले असतात. सूप मांडीवर, हजारीचा हिशोब डोक्यात, माळ कुठून धरणार? त्यांच्यासाठी सोपं आहे. एक बिडी वळली की एक नाम. पंचवीस बिड्यांची जुडी झाली की पंचवीस नामं आपोआप मोजली जातात. चार जुड्या आणि वर आठ बिड्या, की एक माळ झाली. हजार बिड्यांत अशा नऊ माळा बसतात. सगळ्या हजारावर लक्ष राहणार नाही, राहू दे. पहिल्या चार जुड्यांवर ठेवा. तेवढा तुमचा नेम.

*५. मोठ्याने, पुटपुटत की मनात?*

जपाचे तीन प्रकार सांगितले आहेत. वाचिक म्हणजे ऐकू येईल असा, उपांशु म्हणजे ओठ हलतात पण शेजाऱ्याला ऐकू येत नाही असा, आणि मानस म्हणजे फक्त मनात. मनुस्मृतीत यांना चढत्या क्रमाने श्रेष्ठ म्हटलं आहे. पण वरची पायरी श्रेष्ठ म्हणून कुणी पहिल्याच दिवशी तिथे उडी मारत नाही. नवशिक्याने हळू आवाजात, स्वतःच्या कानाला ऐकू येईल असं म्हणावं. आवाज असला की मन लवकर सापडतं. महिन्या-दोन महिन्यांनी ओठ आपोआप हळू होतात.

श्वासाशी ओढाताण करू नका. श्वास रोखून धरणं, जोरात सोडणं असलं काही इथे नाही. उच्चार स्वच्छ असावा, घाई नसावी. पाच मिनिटांची माळ दोन मिनिटांत उरकायची असेल तर अर्धीच करा, पण नीट करा.

मोबाईलवर दिवसभर मंत्र लावून ठेवणं चांगलं आहे, घराला बरं वाटतं. पण तो जप नव्हे, ते श्रवण झालं. दुसऱ्याने जेवलेलं आपल्या पोटात जात नाही.

*६. मन भटकतं, काय करायचं?*

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. जपाला बसलं की गॅस बंद केला का, उसाचं बिल कधी निघणार, नणंद असं का बोलली, सगळं तेव्हाच आठवतं. नवे साधक घाबरतात, "जप करण्याआधी मन बरं होतं, आता जास्तच पळतंय." मन आधीही एवढंच पळत होतं. आता शांत बसल्यामुळे ते दिसायला लागलं, इतकंच. घर झाडायला घेतलं की धूळ दिसते, झाडण्याने ती तयार होत नाही.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनानेही हीच तक्रार केली आहे, की मनाला आवरणं वाऱ्याला आवरण्याइतकं कठीण आहे. भगवंतांनी ते नाकारलं नाही. कठीण आहे हे मान्य करून अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगितले. त्याच अध्यायात ते म्हणतात, मन जिथे जिथे जाईल तिथून त्याला परत आणावं. परत आणणं हेच काम आहे. एका माळेत मन पन्नास वेळा गेलं आणि पन्नास वेळा आणलं, तर ती माळ वाया गेली नाही. तो पन्नास वेळांचा अभ्यास झाला.

मनाला रागावू नका. लहान मूल अंगणाबाहेर पळालं की आई त्याला हात धरून आत आणते, तसं आणा. नामाचा अर्थ किंवा आपल्या दैवताचं रूप मनात धरलं तर सोपं जातं. योगसूत्रातही जपाबरोबर अर्थाचं चिंतन सांगितलं आहे.

*७. दिवस चुकला तर?*

भरपाई करायची नाही. काल चुकला म्हणून आज दोन माळा, असं नको. आज आजची एक. काल जेवलो नाही म्हणून आज चार वेळा जेवत नाही, तसंच.

योगसूत्रात साधनेतली नऊ विघ्नं मोजून दिली आहेत. त्यात पहिलं आजारपण आहे, पुढे संशय आहे, आळसही आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या साधकांनाही ताप यायचा, शंका यायची, कंटाळा यायचा. तुमचं काही वेगळं चाललेलं नाही.

आणि गीतेतलाच अर्जुनाचा पुढचा प्रश्न फार मोलाचा आहे. वाट अर्ध्यावर सुटलेल्या माणसाचं काय होतं, तो फाटलेल्या ढगासारखा दोन्हीकडून जातो का, असं तो विचारतो. भगवंत सांगतात, नाही, अशा माणसाचा नाश होत नाही, केलेलं चांगलं कुठे जात नाही. ज्यांची माळ दहा वर्षं कपाटात आहे त्यांनी सहावा अध्याय जरूर वाचावा. मग माळ काढून, पुसून, आजच बसावं.

*८. घरातल्या शंका*

पाळीच्या दिवसांत किंवा सुतक-सोयरात जप करावा का? नामाला स्थळ, काळ, सोवळं-ओवळं आड येत नाही, असंच आपल्या नामनिष्ठ संतांचं सांगणं आहे. देवघराच्या बाबतीत प्रत्येक घराची रीत असते, तिच्यावरून घरात भांडण नको. माळ न घेता मनात नाम घेतलं की नेमही राहतो आणि रीतही राहते. उलट ज्या घरात दुःख झालंय त्या घराला नामाची गरज जास्त असते.

आजारी माणसाने झोपून घेतलं तरी चालतं. मात्र जप सुरू केला म्हणून बी.पी.ची, शुगरची किंवा मनाच्या आजाराची गोळी कुणीही बंद करू नये. शुगर असताना जपासाठी उपाशीही राहू नये. आणि जपाला बसल्यावर कुणाला फार घाबरायला होत असेल, झोप उडत असेल, आवाज ऐकू येत असतील, तर जप तेवढा थांबवून डॉक्टरांना दाखवावं आणि घरातल्यांना सांगावं. ती साधनेची पायरी नव्हे.

मुलांना बळजबरी करू नका. "माळ केल्याशिवाय मोबाईल नाही" असं म्हटलं की मुलाच्या मनात नाम आणि शिक्षा एकत्र बसतात. बेळगावच्या कलावती आईंनी मुलांसाठी बालोपासना दिली ती छोटी आणि म्हणायला सोपी आहे. अनगोळच्या हरिमंदिराशी जोडलेल्या घरांतली मुलं ती हौसेने म्हणतात. तसंच आपल्याकडे व्हावं. मुलं शेजारी येऊन बसली तर बसू द्या, उठून गेली तर जाऊ द्या. आई-बाबा रोज त्या कोपऱ्यात बसतात, हे त्यांनी पाहिलं तरी पुष्कळ.

सुनेला, जावयाला, नवऱ्यालाही तोच नियम. आणि आपला जप झाला नाही म्हणून चहाला उशीर झाल्यावर घर डोक्यावर घेऊ नका. जपानंतर आपलं बोलणं एक घर तरी मऊ झालं पाहिजे. झालं का ते स्वतःला विचारू नका, घरच्यांना विचारा.

*९. मागायचं काय?*

संकटात देवाला हाक मारणं हे माणसाचं साहजिक आहे, त्यात कमीपणा नाही. पण "एवढ्या माळा केल्या की बिल निघेल, लग्न जमेल, पोरगं पास होईल" असा सौदा करू नका. सौदा फसला की माणूस नामालाच दोष देतो. नामाने काय मिळेल याची हमी आम्ही देत नाही आणि कुणी पैसे घेऊन देत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. नामाला फी नाही. एवढं मात्र सांगतो : अडचण तीच राहिली तरी तिच्यापुढे उभं राहायला रोज सहा मिनिटांची एक जागा मिळते, आणि ती जागा कुणी काढून घेऊ शकत नाही.

*१०. आपल्या गटांसाठी विनंती*

आपल्या कुटुंब-गटांत रोज सकाळी "आज ११ माळा", "आमच्या २१" असे मेसेज येतात. हेतू चांगला असतो. पण त्याच गटात एखादी ताई असते जिच्या घरी अंथरुणाला खिळलेले सासरे आहेत, तिची आज अर्धी माळ झालेली असते. ती आकडे वाचते आणि गप्प होते. चार दिवसांनी गट उघडायचीही बंद होते. म्हणून यापुढे जपाचे आकडे गटात टाकू नयेत. कुणाला सांगावंसं वाटलं तर फक्त "आज बसलो" किंवा "आज बसले" एवढं लिहा. पाच मिनिटंवाला आणि तासवाला दोघांचा मेसेज सारखाच दिसेल.

तसंच "हा मंत्र ११ जणांना पाठवा, नाहीतर अशुभ होईल" असले मेसेज आले तर पुढे पाठवू नका. नामाचा आणि भीतीचा काही संबंध नाही.

*पहिल्या महिन्याचा अभ्यास*

पहिला आठवडा : फक्त जागा आणि वेळ ठरवा. रोज जाऊन बसा, २१ वेळा नाम घ्या, नमस्कार करून उठा. मनात येईल, एवढ्यानं काय होतं? येऊ द्या.

दुसरा आठवडा : अर्धी माळ, ५४ नामं. आवाज हळू, उच्चार स्वच्छ.

तिसरा आठवडा : पूर्ण माळ. मन गेलं की परत आणणं, एवढ्याकडेच लक्ष.

चौथा आठवडा : माळ तीच. उठण्याआधी एक मिनिट नुसतं शांत बसा. दिवसात एखाद्या कामाला, भांडी घासताना, पाणी पाजताना, बसची वाट बघताना, नाम जोडून पाहा.

या महिन्यात एक दिवस तरी चुकणारच, असं आत्ताच धरून चाला. तो दिवस आला की खरा अभ्यास सुरू होतो. दुसऱ्या दिवशी कुठलाही हिशोब न करता पुन्हा त्याच जागी बसलात, की नेम तुमचा झाला.

काही शंका असेल तर आपल्या गटप्रमुखांना विचारा. जे मोठे फोन वापरत नाहीत त्यांच्याजवळ बसून त्यांनी आयुष्यभर नाम कसं घेतलं तेही विचारा. त्यांच्याकडे या पाठापेक्षा जास्त आहे.

हा पाठ श्रीगुरुचरणी अर्पण.

॥ शुभं भवतु ॥